आधी खोली, मग पाणी

पुण्याच्या पाषाण भागात 'आयसर' या विज्ञानसंस्थेत २०१९ साली 'परम ब्रह्म' हा महासंगणक बसवला गेला. सेकंदाला ७९७ लाख कोटी आकडेमोडी करण्याची त्याची ताकद तेव्हा बातम्यांत आली. आपल्याला त्याची दुसरी एक गोष्ट हवी आहे. त्याचे प्रोसेसर मुख्यतः वाऱ्याने नव्हे, द्रवाने थंड होतात. तापणाऱ्या चिपवर धातूची चपटी, पोकळ पट्टी दाबून बसवलेली असते आणि तिच्या पोटातून सतत द्रव फिरत राहतो. महाडच्या एखाद्या घरात माडीवर कोणा हौशी तरुणाला वॉटर-कूल्ड गेमिंग संगणक बांधायचा असेल, तर त्यातली कल्पना हीच आहे, तिळमात्र वेगळी नाही. फरक एवढाच की महासंगणकासाठी आधी खोली आखतात आणि उष्णता इमारतीबाहेर नेऊन टाकायची सोय करतात, मगच यंत्र आणतात. माडीवर बहुधा उलटं घडतं. आधी ग्राफिक्स कार्ड येतं, मग रंगीत नळ्या, मग दिवे. आणि मे महिना आला की खोलीचा विचार सुरू होतो.

पाण्याने संगणक थंड करणं हा गेमिंगवाल्यांचा शोध नव्हे. १९६०च्या दशकात आयबीएमच्या 'सिस्टिम/३६० मॉडेल ९१' या अवाढव्य यंत्रात पाणी खेळवलेलं होतं. १९८५च्या क्रे-२ने तर एक पाऊल पुढे टाकून सगळी सर्किटंच वीज न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवून ठेवली. घरगुती यंत्रांपर्यंत ही विद्या १९९०च्या दशकाच्या शेवटी पोचली, तीही अगदी जुगाडाने: मोटारीच्या हीटरचा रेडिएटर, मत्स्यटाकीचा पंप, आणि तांब्याच्या ठोकळ्याला स्वतः पाडलेली भोकं. ॲपलने २००४ साली पॉवर मॅक जी-५ या संगणकाचं द्रवाने थंड होणारं मॉडेल कारखान्यातूनच तयार करून विकलं. पुढे त्यातल्या काहींमधून द्रव गळून आतले भाग खराब झाले, ही गोष्ट या छंदातले जुने लोक अजून सांगतात.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यात पाळी केलेल्या माणसाला यातलं बरंच काही शिकवावं लागत नाही. रिअ‍ॅक्टरभोवतीचं जॅकेट, त्यात पाणी ढकलणारा पंप, पाण्याने आणलेली उष्णता हवेत सोडणारा कूलिंग टॉवर ही साखळी त्याला पाठ असते. संगणकात जॅकेटच्या जागी चिपवरची ती पोकळ पट्टी, म्हणजे वॉटर ब्लॉक येतो आणि टॉवरच्या जागी रेडिएटर. पण इथे एक भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. कूलिंग टॉवरमध्ये पाण्याचा काही भाग वाफ होऊन उडून जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो, त्यामुळे टॉवरचं पाणी हवेच्या तापमानाखालीही जाऊ शकतं. संगणकातला पाण्याचा फिरता मार्ग, म्हणजे लूप, बंद असतो, त्यातलं पाणी उडत नाही. म्हणून ते खोलीतल्या हवेइतकं थंड होऊ शकतं, त्याहून थंड कधीही नाही. या प्रकरणातल्या बाकी सगळ्या गोष्टी या एका वाक्यातून निघतात.

हिशेब वॅटपासून सुरू करावा. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे जानेवारी २०२५मध्ये आलेलं कार्ड पूर्ण ताकदीने चालताना ५७५ वॅटपर्यंत वीज घेतं. आधीच्या पिढीतलं ४०९० हे ४५० वॅटचं होतं. गेमिंगसाठी आज ज्याची शिफारस सर्रास होते तो एएमडीचा रायझन ७ ९८०० एक्स-थ्री-डी हा प्रोसेसर १२० वॅटच्या गटातला आहे आणि खेळताना बहुधा त्याहून कमीच घेतो. मदरबोर्ड, मेमरी, पंखे, पंप धरले की बेरीज ७००च्या आसपास जाते. ही ७०० वॅट वीज जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. पडद्यावर कितीही गाड्या धावल्या आणि किल्ले कोसळले, तरी भौतिकशास्त्राच्या लेखी तो एक ७०० वॅटचा हीटर आहे. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची बंद खोली घ्या. तिच्यात साधारण ३४ किलो हवा असते. भिंती, फरशी, सामान यांनी काहीच उष्णता शोषली नाही असं धरलं, तर हा हीटर त्या हवेचं तापमान पन्नासेक सेकंदांत एक अंशाने वाढवतो. प्रत्यक्षात भिंती बरीच उष्णता पिऊन घेतात, म्हणून वेग कमी पडतो. पण रात्री दीड वाजता खेळ थांबवला की तीच भिंत ती उष्णता परत द्यायला लागते, हे स्लॅबच्या घरात राहणाऱ्याला सांगायला नको.

पाणी या उष्णतेचं काय करतं? फक्त उचलून दुसरीकडे नेतं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट जास्त उष्णता वाहून नेतं, हे त्याचं सामर्थ्य. लूपमध्ये मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल आणि कार्ड-प्रोसेसर मिळून ६७५ वॅट टाकत असतील, तर एका फेरीत पाणी जेमतेम अडीच अंशांनी तापतं. म्हणून आधी प्रोसेसर की आधी कार्ड, मध्ये रेडिएटर घालावा का, यावर रात्र-रात्र चालणारे वाद बहुतेक निरर्थक आहेत. लूपमधलं पाणी सगळीकडे जवळजवळ सारखंच तापलेलं असतं. नळ्या जिथून सरळ आणि आखूड जातील तो क्रम घ्यावा.

खरा प्रश्न पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या अंतराचा. तीन पंख्यांचे, म्हणजे ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर आणि बेताच्या वेगाने फिरणारे पंखे असतील, तर एवढ्या भाराला पाणी हवेपेक्षा ढोबळमानाने दहा-बारा अंश वर राहतं. त्यावर कार्डाची चिप आणखी पंधरा-वीस अंश वर. आता यात महाडचा मे महिना घाला. समुद्र सरळ रेषेत फार दूर नाही, पण मध्ये डोंगर आहेत. खाडीवरचा वारा इथे पोचेपर्यंत थकतो. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला भिडतो. याच रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च २०१७मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती. शेजारचं पोलादपूर तर डोंगराच्या बुडाशी बसलेलं. आंबेनळी घाटाने चाळीसेक किलोमीटर वर चढलं की महाबळेश्वरची हवा लागते, पण संगणक काही महाबळेश्वरात ठेवायचा नाही. खोली ३७ अंश धरली तर पाणी ४८, चिप ६५ किंवा थोडी वर. चिपला यात काही होत नाही, ती याहून बरंच सोसते. माणसाला मात्र होतं. परदेशी व्हिडिओत दिसणारे तापमानाचे आकडे वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. त्यांच्याशी तुलना करून नवे रेडिएटर मागवत राहणं म्हणजे पैसे पाण्यात.

मग खोलीचं काय करायचं? एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याच्या ताकदीचा पाचवा हिस्सा एकट्या संगणकाने खाल्ला. बिलात ही वीज दोनदा दिसते, एकदा तापवायला आणि एकदा ती उष्णता हाकलायला. पाण्यावर चालणारा कूलर कोकणात कामाचा नाही. हवा आधीच ओली असेल तर तिच्यात आणखी पाणी उडत नाही आणि खोलीत नुसता दमटपणा साचतो.

माझ्या मते इथल्या घरांसाठी सगळ्यात शहाणा मार्ग फार कमी लोक घेतात: रेडिएटर खोलीबाहेर ठेवणं. बाहेर ठेवायचे मोठे रेडिएटर स्वतंत्र मिळतात, नऊ-नऊ पंखे बसतील एवढे. तसा एक मागच्या पडवीत, छपराखाली, भिंतीला टांगायचा. भिंतीतून दोन नळ्या आत आणायच्या. आणि नळ्यांच्या टोकांना झटकन सुटणारे, सुटल्यावर आपोआप बंद होणारे जोड लावायचे. ६७५ वॅट मग खोलीत येतच नाहीत. मोठा संगणककक्ष करतो तेच हे. नळ्या तीन-चार मीटर लांब झाल्या तरी चांगला पंप ते सहज पेलतो. रेडिएटर संगणकापेक्षा उंचावर असला तरीही बिघडत नाही, कारण बंद लूपमध्ये जेवढं पाणी वर चढतं तेवढंच खाली उतरतं. उंचीचा त्रास फक्त पहिल्यांदा पाणी भरताना आणि हवेचे बुडबुडे काढताना होतो. पडवीत पाली, कोळी, मुंग्या आणि गणपतीनंतरची धूळ आहे, म्हणून पंख्यांवर बारीक जाळी हवी. वाऱ्याने पावसाचे शिंतोडे येतील अशी पश्चिमेची भिंत टाळावी.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर दवाचं बोलून टाकू. पाण्याच्या नळ्यांवर ओल धरेल आणि बोर्ड जळेल ही भीती अनेकांना असते. साध्या लूपमध्ये ती निराधार आहे. पाणी हवेपेक्षा थंड होतच नाही, तर त्यावर दव कशाला जमेल? धोका निर्माण होतो तो मत्स्यटाकीचा चिलर लूपला जोडला की. जुलैमध्ये कोकणातल्या हवेचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास असतो. चिलरने पाणी अठरावर नेलं की ब्लॉक घामाघूम होतात, तेही वीजवाहक टोकांच्या शेजारी. चिलर इथे नकोच. दुसरा धोका कोणाच्या लक्षात येत नाही, तो एसीचा. रात्रभर बावीस अंशांवर थंड झालेल्या खोलीत पहाटे वीज गेली आणि कोणी खिडकी उघडली, की बाहेरची ओली हवा बंद पडून थंड झालेल्या संगणकावर येऊन ओल सोडते. वीज आल्या आल्या बटण दाबू नये. अर्धा-पाऊण तास यंत्राला खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं.

आता सामान. रेडिएटर तांबं-पितळेचा घ्यावा आणि ब्लॉक तांब्याचा किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचा. ॲल्युमिनियमचा एकही भाग त्याच पाण्यात येऊ देऊ नये. दोन वेगळे धातू एका पाण्यात जोडले गेले की विजेरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. स्वस्त रेडिएटर पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असतात आणि विक्रेता ते ठळक अक्षरांत लिहीत नाही. पंप डी-५ जातीचा असावा. हे पंप ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतात, त्यामुळे महाडच्या ४८ अंशांना पुरेसा वाव उरतो. पात्यांची दाटी कमी असलेला रेडिएटर निवडावा. दाट पात्यांचा कागदावर भारी दिसतो, पण महामार्गाच्या कामाची लाल धूळ त्यात दोन महिन्यांत गच्च बसते.

नळ्यांमध्ये काचेसारख्या कडक नळ्या फोटोत सुंदर दिसतात यात वाद नाही. त्या तापवून वाकवाव्या लागतात, मापात मिलिमीटरची चूक चालत नाही, आणि एक भाग बदलायचा तर अर्धा सांगाडा सोडवावा लागतो. पीईटीजीच्या नळ्या ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतात. पाणी तिथवर जाणार नाही, पण पंप अडकला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही तर ब्लॉकजवळचा जोड आधी सैल होतो. दुरुस्तीला माणूस मुंबईहून किंवा पुण्याहून आणावा लागणार असेल, तर मऊ रबरी नळीच बरी. ती कात्रीने कापता येते.

पाणी कोणतं, हा प्रश्न विचारताना लोक जरा लाजतात. विहिरीचं पाणी प्यायला कितीही गोड असो, त्यात विरघळलेले क्षार असतात आणि ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांत ते थर धरतात. ऊर्ध्वपातित पाणी हवं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी याच जातीचं असतं, पण लेबल वाचून घ्यावं. त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये मिळतं. ऊर्ध्वपातित पाण्यात गंजरोधक आणि शेवाळ मारणारं औषध असलेलं तयार मिश्रण सांगितलेल्या मापात घालावं. खिडकीतलं ऊन पारदर्शक नळीवर पडत असेल तर औषध विसरून चालणार नाही. दुधाळ, चमकीचे रंगीत द्रव मात्र टाळावेत. त्यातले कण काही महिन्यांत खाली बसतात आणि खाचा बुजवतात. आणखी एक गैरसमज असा की शुद्ध पाणी वीज वाहत नाही, म्हणून गळलं तरी चालेल. बाटलीतलं वाहत नाही हे खरं. लूपमध्ये महिनाभर फिरलेलं पाणी धातूंचे आयन घेऊन बसलेलं असतं, ते वाहतं.

शांतता हा वॉटर कूलिंगचा दुसरा मोठा फायदा सांगितला जातो. डोक्यावर पत्रा असेल तर जून ते सप्टेंबर त्याचा विचारही करू नये. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या तालुक्यात पंख्याचा आवाज ऐकू येण्याची शक्यताच नाही.

विजेकडे वळू. आरटीएक्स ५०९० कार्डासाठी एनव्हिडिया किमान १००० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. घरातला जुना इन्व्हर्टर यावर लावू नये. चौकोनी लहरींची वीज असे सप्लाय नीट सोसत नाहीत, आणि त्याची ताकदही पुरत नाही. साइन लहरींचा यूपीएस घ्यावा, तोही खेळ चालू ठेवण्यासाठी नव्हे, तर सेव्ह करून नीट बंद करायला पाच मिनिटं मिळावीत म्हणून. वीज गेली की पंप थांबतो, पण तापवणारी चिपही त्याच क्षणी थांबते, म्हणून त्याची चिंता नाही. चिंता पंप एकटाच बंद पडण्याची. पाण्यात तापमानाचा सेन्सर टाकावा आणि ५५ अंशांना संगणक आपोआप बंद होईल अशी सेटिंग मदरबोर्डमध्ये करून ठेवावी. हा सेन्सर सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त असतो आणि हटकून राहून जातो. घराचं अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घ्यावं.

संगणक कोणत्या मजल्यावर ठेवायचा, याचा विचार महाडमध्ये सामानाच्या यादीआधीच करावा लागतो. २२ जुलै २०२१ला सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बाजारपेठेतली दुकानं आणि तळमजले बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीतही. त्या रात्री कोणाच्या मनात संगणक आला नसेल, आणि येऊही नये. पण त्यानंतर घर मांडणाऱ्याने महागडं यंत्र तळमजल्यावर मांडण्याला कारण उरलेलं नाही. माडीवर ठेवताना वजनाचाही विचार हवा. भरलेला लूप, दोन रेडिएटर आणि काचेची केस मिळून पंचवीस किलोच्या पुढे जातात, आणि अरुंद लाकडी जिन्यावरून पाण्याने भरलेली ही पेटी उतरवणं एका माणसाचं काम नाही. झटकन सुटणारे जोड इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतात: रेडिएटर पडवीत टांगलेला राहू दे, केस तेवढी उचलायची. लूपच्या सगळ्यांत खालच्या जागी एक छोटा नळ बसवलेला असेल तर केस रिकामी करायला दहा मिनिटं पुरतात. हा नळ नंतर बसवता येत नाही असं नाही, पण नंतर कोणी बसवत नाही.

सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा, पुण्याहून आणा किंवा ऑनलाइन मागवा. मात्र मोठ्या शहरात बांधून, भरलेला लूप गाडीत घालून आणू नये. वरंध घाटाची वळणं आणि महामार्गाचे खड्डे जोडांना हादरे देतात आणि जड वॉटर ब्लॉकसकट कार्ड आपल्या खाचेत हेलकावतं. कोरडं आणावं, इथे भरावं. भरल्यावर लगेच संगणक सुरू करण्याचा मोह आवरावा. पॉवर सप्लायच्या कनेक्टरला जंपर लावून फक्त पंपाला वीज द्यावी, प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवावा आणि चोवीस तास पाणी फिरू द्यावं. मध्ये एकदा केस सगळ्या बाजूंनी तिरकी करून अडकलेले बुडबुडे लूपमधल्या पाण्याच्या टाकीकडे काढावेत. टिश्यू कोरडे राहिले तर बाकीच्या तारा जोडायच्या.

खरी परीक्षा मात्र ऋतू ठरवतो. डिसेंबरात बांधलेला लूप सगळ्यांनाच उत्तम वाटतो. मेच्या दुपारी दोन तास जड गेम चालवून पाण्याचं तापमान वहीत लिहून ठेवावं, शेजारी खोलीचं. दोन्हीतलं अंतर पुढच्या मेमध्ये तीन-चार अंशांनी वाढलेलं दिसलं, तर रेडिएटरमध्ये धूळ आहे किंवा ब्लॉकमध्ये साका, आणि धूळ आधी तपासावी, कारण ती ब्लोअरने निघते. पाणी वर्षातून एकदा बदलायचं असतं. त्यासाठी दसरा-दिवाळीच्या मधली उघडीप बरी: हवा कोरडी होत असते, सुटे केलेले भाग उन्हात नाही तरी सावलीत दिवसभरात वाळतात, आणि भारनियमन नसेल तर गळतीची चोवीस तासांची चाचणी अखंड पार पडते.